वरचं दूध

माझ्या बायकोला दूध कमी होतं, असं आमच्या घरात इतकी वर्षं सगळेच म्हणत आले. माझी आई म्हणायची, सासूबाई म्हणायच्या, पुढे पुढे ती स्वतःही म्हणायला लागली. ते खोटं होतं. पहिल्यांदा ते मी बोललो आणि का बोललो ते मला पक्कं ठाऊक होतं. कंपनीत मशीन बंद पडलं की चार ओळींचा रिपोर्ट लिहितो, त्यापलीकडे लिहायची सवय नाही. तेव्हा जसं घडलं तसं लिहीत जातो.

मी मूळचा लातूरकडचा. बहिणींची लग्नं उरकेपर्यंत माझी तिशी उलटून गेली. मग माझं लग्न झालं आणि आम्ही चाकणजवळ कुरुळीला एका चाळीत खोली घेतली. मी गाड्यांचे पत्र्याचे भाग काढणाऱ्या प्रेसवर ऑपरेटर होतो. बायकोला दिवस गेले, सातव्या महिन्यात तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम, त्यात बोलायचं काही नसतं.

त्या चाळीत असे नवरे कायम असायचे. बायको बाळंतपणाला गेलेली, स्वतः एकटे. भाडं वाचावं म्हणून दोघं-दोघं एका खोलीत राहायचे, आणि बायका परत आल्या की पांगायचे. आमच्याच लाइनवरच्या एकाची बायकोही माहेरी होती. तो माझ्या खोलीत राहायला आला. माणूस बोलका, हसरा, भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापायचा. हायवेला एक लॉज होतं. पगार झाला की आम्ही दोघं तिकडे जायचो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. दारूवर ढकलावं, तर मी पीत नव्हतो. जोडीदाराने ओढून नेलं असंही नाही. एकदा तर मीच म्हणालो होतो, चल.

पोरगी झाली. सव्वा महिना झाला, बारसं झालं, आणि दोन महिन्यांची झाल्यावर बायको तिला घेऊन परत आली. जोडीदाराने मागच्या गल्लीत दुसरी खोली बघितली. आमचा संसार परत सुरू झाला. काही दिवसांनी आम्ही जवळही आलो. काही वापरायचा प्रश्न मनात आला नाही. बाई अंगावर पाजत असली की दिवस राहत नाहीत, अशी चाळीतली समजूत होती आणि मला ती सोयीची होती.

त्याच सुमारास जोडीदाराचं बोट प्रेसमध्ये गेलं. काम लवकर उरकायचं म्हणून त्याने हातासमोरची जाळी बाजूला केली होती. मी डबा घेऊन हॉस्पिटलात गेलो. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून तो पडला होता.

"लई दुखतंय का?" मी विचारलं.

"बोटाचं राहू दे, भावा. दार लोट जरा." मी दार लोटलं. "ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं माझं. त्यात निघालं."

"काय निघालं?"

"एचआयव्ही, राव." तो छताकडे बघत होता. "आपण बरोबरच जायचो. तू पण बघून घे."

"तुझ्या बायकोला सांगितलंस?"

"ती अजून माहेरीच आहे. आली की सांगतो. तुझी आली ना?"

आली होती. मी डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. त्याने जेवायला घेतलं आणि मी समोर बसून राहिलो.

खोलीवर आल्यावर मी एकच केलं. बायकोच्या पिशवीतून तिचं गरोदरपणाचं कार्ड काढलं आणि माहेरी जायच्या आधी केलेल्या तपासण्या बघितल्या. एचआयव्हीपुढे निगेटिव्ह लिहिलेलं होतं. मला बरं वाटलं. आमच्या चाळीतले सगळे नवरे असंच समजायचे, बायकोची तपासणी झाली म्हणजे घराची झाली. दहावीपर्यंत शिकलेला माणूस मी. ती तपासणी तिसऱ्या महिन्यातली होती आणि लॉज त्यानंतरचं, एवढा हिशेब मला जमत नव्हता असं नाही. मी तो केला नाही.

पुढच्या गुरुवारी पोरीचा डोस होता. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून मीही चाकणला सरकारी दवाखान्यात गेलो. पूर्वी तिथे बाळाची सुई एका खोलीत, बाईची तपासणी वरच्या मजल्यावर आणि तांबी-बिंबी वेगळ्याच दिवशी असायची. तिथल्या सिस्टरने ते सगळं एका खोलीत आणलं होतं. पडदा लावून एक टेबल मांडलेलं. सुई झाली की बाळ-बाळंतीण पडद्याआड. एका म्हातारीने, "आमाला कशाला आत? सुई झाली की," असं विचारलं, तेव्हा सिस्टर म्हणाली, "आजी, बाई इथे येते ती बाळासाठी. स्वतःसाठी कोण येतंय? आलीच आहे तर तिचंही बघून घेऊ."

आमचा नंबर आला. सिस्टरने पोरीचं वजन बघितलं, छान म्हणाली.

"फक्त अंगावरचंच ना, ताई?"

"हो, दुसरं काही नाही."

"पाळी आली?"

"नाही अजून."

"आणि लगेच परत दिवस गेले तर?"

"नको बाई!" बायको हसली. "तीन वर्षं तरी नको."

"पाळी आली नाही म्हणून भरवसा नाही हं. तांबी बसवू या. बरं, आधी बोटातून थोडं रक्त घेते. एचआयव्हीची तपासणी. तुमची पण, दादा."

"तिची झालीये," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच लागला. "गरोदरपणात झालीये. कार्डावर बघा, निगेटिव्ह."

"ती तिसऱ्या महिन्यातली आहे. आता बाळ दूध पितंय, म्हणून परत करतो. सगळ्यांचीच करतो."

"पण निगेटिव्ह आहे ना?"

"होती," सिस्टर म्हणाली.

"आज नको. मला शिफ्टला जायचंय."

"गुरुवारी कसली शिफ्ट हो?" पडद्याबाहेरच्या बायका हसल्या.

"ओव्हरटाइम आहे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. ओव्हरटाइम नाही हे तिला माहीत होतं. पण चारचौघांत ती मला कधी खोटं पाडत नसे. "पुढच्या डोसला करू," ती म्हणाली.

"जबरदस्ती नाही," सिस्टर म्हणाली. "मग तोवर निरोध तरी देऊ का?"

बाकीचे नवरे या प्रश्नाला भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागायचे. मी हात पुढे केला. "जास्त द्या."

बाहेर खसखस पिकली. सिस्टरने पडदा सारला आणि बायकांना म्हणाली, "हसताय काय? असे नवरे पाहिजेत. तुमचे पाकीट बघितलं की चपला सोडून पळतात." बायको पदराने पोरीचं तोंड पुसत बाहेर पडली. लाजेने तिचं तोंड लाल झालं होतं, पण मान वर होती. रिक्षात म्हणाली, "सगळ्या बघत होत्या तुमच्याकडे."

पाकिटं खिशात टोचत होती.

त्यानंतरचा महिना मी एकावर एक खोटं रचत गेलो. तिने तांबीचा विषय काढला. तांबी बसवली की निरोधाचं निमित्त गेलं, आणि तांबी म्हणजे पडद्याआडचं टेबल, म्हणजे तपासणी. मी म्हणालो, "घरमालकीण काकू सांगत होत्या, तांबी पोटात वर चढते. त्यांच्या जावेला केवढा त्रास झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नळावर काकूंनाच विचारलं. मी आत चहा पीत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"मी? मी कवा म्हनले गं?" काकूंचा आवाज साऱ्या चाळीला पुरणारा. "आन कुठली जाऊ? मला जाऊच न्हाई. अगं, माझीच व्हती की तांबी दहा वर्सं! कदी सर्दी सुदिक न्हाई झाली."

बायको बादली घेऊन आत आली आणि हसत सुटली. "काय हो, नसलेली जाऊ आजारी पाडलीत? एवढं भ्यायचं का? मला काही होत नाही."

माझं प्रत्येक खोटं तिच्यापर्यंत माया होऊन पोहोचत होतं.

निरोधाने पुढचं थांबलं. पण आधीचे दिवस होतेच. माझ्यामुळे तिला लागलं असेल आणि तिच्या दुधातून पोरीला जात असेल, हे एकदा मनात बसलं ते उठेना. पोरगी छातीशी लागली की मला बाहेर जावं लागायचं. मोबाइलवर एका बाईचं भाषण बघितलं, अर्धंच बघितलं. त्यात आईच्या दुधातून बाळाला लागण होऊ शकते एवढं होतं. बोटाच्या एका टोचणीत सगळं कळलं असतं. ते सोडून मी मेडिकलमधून पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली आणली.

"हे कशाला?" बायको म्हणाली.

"किरकिर करते ती. तुझं पुरत नसेल."

"पुरतंय की. सिस्टर वजन चांगलं म्हणाली."

"सिस्टर काय घरी येऊन बघते का? पोर उपाशी राहतंय."

बाळंतिणीला असं म्हटल्यावर ती काय बोलणार? तरी दोन दिवस तिने डबा उघडला नाही. मग मी गावी आईला फोन केला आणि सांगितलं, हिला दूध पुरत नाही, तू समजाव. आईला तेवढंच हवं होतं.

"मी म्हनलेच होते," आई म्हणाली. "तिच्या आईलाबी नव्हतं. दे तिच्याकडं फोन. अगं, हाळीव खायलीस का? डिंक? ते बी नाही? मग वरचं चालू कर, लेकराला उपाशी मारतीस का?"

फोन ठेवून बायकोने डबा उघडला. पाणी उकळताना ती माझ्याकडे पाठ करून उभी होती.

बाटली सुरू झाली तशी पोरगी अंगावर कमी ओढायला लागली आणि अंगावरचं खरंच कमी व्हायला लागलं. बायको रडायची, "बघा ना, येतच नाही आता." माझं खोटं माझ्या डोळ्यांदेखत खरं होत होतं. मी तिला म्हणायचो, "असू दे, वरचं आहे ना."

मग पोरीला जुलाब लागले. बाटली नीट उकळत नव्हती की पाण्याचा दोष, काय माहीत. दोन दिवसांत डोळे आत गेले. तिसऱ्या दिवशी मी शिफ्ट बुडवली आणि आम्ही चाकणला गेलो. डॉक्टरांनी तपासलं, ओआरएसची पुडी दिली, थांबायला सांगितलं. सिस्टरने बायकोला विचारलं, "वरचं दिलंत का काही?"

"हो. पावडरचं."

"कोणी सांगितलं होतं?"

मी शेजारीच उभा होतो. बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच दिलं," ती म्हणाली. "मला पुरत नाही दूध."

सिस्टर तिला बोलली. चांगलीच बोलली. एवढं वजन वाढत होतं, पुरत नाही असं कसं, आम्हाला विचारायचं नाही का, बाटलीने किती पोरं आजारी पडतात माहिती आहे का. बायको मान खाली घालून ऐकत होती. मांडीवर पोरगी, हातात चमचा आणि वाटी.

मी म्हणालो, "सिस्टर, माझी ती तपासणी करा. एचआयव्हीची."

"आत्ता?"

"आत्ताच करा."

सिस्टरने तपासणीची पेटी पुढे ओढली. बायकोने वाटी खाली ठेवली. "माझी पण करा," ती म्हणाली, "राहिलीच होती."

तिची निगेटिव्ह आली. माझी पहिल्या तपासणीत पॉझिटिव्ह आली, मग खात्रीसाठी आणखी केल्या, त्यातही तेच आलं. सिस्टरने मला एकट्याला आत बोलावलं आणि बायकोला कसं सांगायचं ते विचारलं. मी म्हणालो, तिच्यासमोरच बोला. मला धाडस आलं होतं असं नाही. सिस्टर समोर असली तर बायको ओरडणार नाही, असं वाटलं.

ती ओरडली नाहीच. मी लॉजचं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग माझ्याऐवजी सिस्टरला विचारलं, "पोरीला?"

"तुम्ही निगेटिव्ह आहात, मग दुधातून तिला कसं जाईल? तीन महिन्यांनी तुमची परत करू. तोवर निरोध न चुकता. नंतरही. तांबी पोर थांबवते, हे थांबवत नाही. दोन्ही लागणार."

"आणि माझी पॉझिटिव्ह आली असती तर? दूध बंद करायचं का?"

"नाही. तुम्हाला गोळ्या, बाळाला औषध, आणि सहा महिने फक्त अंगावरचं. अर्धं अंगावरचं अर्धं वरचं, तसं तर अजिबात नाही. त्यानेच धोका वाढतो."

मी खिडकीकडे तोंड केलं. तिला लागलं असतं, तर पोरीला वाचवायला म्हणून मी जे केलं त्यानेच पोरीचा धोका वाढला असता.

त्या दिवशी मी बायकोला लॉजचं सांगितलं आणि तिचा समज झाला की मला सगळं आजच कळलं. मी तसं समजू दिलं. हॉस्पिटलातला जोडीदार, त्याने सांगितलेलं, नंतरचा महिना, निरोध, डबा, यातलं काहीच बोललो नाही. ती पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पुढच्या गुरुवारी एकटी जाऊन तांबी बसवून आली. मला विचारलं नाही. तीन महिन्यांनी तिची परत निगेटिव्ह आली. सिस्टरने बाटली सोडवायचा खूप प्रयत्न केला, पण पोरीला सवय लागली होती. थोडं अंगावरचं, थोडं वरचं असं करत ती वाढली.

माझ्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. रोज एक. जोडीदारही घेतो, तो आता एका सोसायटीत वॉचमन आहे, भेटला की अजून भावा म्हणतो. त्याने बायको येताच तिला सांगितलं होतं, आणि आज त्या दोघांचं काही वाईट चाललेलं नाही. आम्ही थेरगावला राहायला आलो. माझ्या रक्तात आता विषाणू सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, दुसरं मूल हवं असेल तर होऊ शकतं, आमच्या देखरेखीखाली, बायकोला काही न होता.

बायको नको म्हणायची. कारण विचारलं की म्हणायची, "मला दूध नसतं. पहिलीचे हाल बघितले." शेजारी कोणी बाळंतीण आली की तिला हाळीव नेऊन द्यायची आणि सांगायची, "माझ्यासारखं नको व्हायला." पोरीला खोकला झाला की आई फोनवर म्हणायची, "आईचं दूध नाही मिळालं, मग काय व्हायचं." बायको ते ऐकून घ्यायची. मी तिथेच असायचो. टीव्हीचा आवाज वाढवायचो.

पोरगी आता पहिलीत आहे. तांबीची मुदत संपली, बदलायची वेळ आली. यंदा आम्ही दोघं जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. बाकावर बसलो होतो. आमच्या पुढे बरेच नंबर होते. समोर एक मुलगी बाळाला पाजत होती. बायको तिच्याकडे बघून म्हणाली, "खरं सांगू? मला एक हवं होतं अजून. पण नको. दूध नसलेल्या बाईने कशाला? नवीन बसवून घेते."

मी म्हणालो, "तुला दूध होतं."

"तुम्ही आता समजूत नका काढू."

"समजूत नाही. होतं. मी तेव्हा खोटं बोललो."

मग सांगितलं. जोडीदाराने कधी सांगितलं, मी कार्ड कसं काढून बघितलं, निरोध कशाला घेतले, डबा कशाला आणला, आईला फोन का केला. हळू आवाजात, समोर बघत. समोरच्या मुलीने बाळ खांद्यावर घेतलं, ढेकर काढली, दुसऱ्या बाजूला लावलं.

"निरोधचं मला कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "त्याच वर्षी. मी काय मूर्ख आहे? जो माणूस दुकानात मागायला लाजतो तो एकदम जास्त द्या म्हणतो. पण म्हटलं, भ्यायला असेल, निदान वापरले तरी. त्याने मी वाचले. ते मी सोडून दिलं. डब्याचं नाही कळलं."

"मला वाटलं पोरीला..."

"पोरीला काय वाटलं ते नका सांगू. सिस्टर मला बोलली तेव्हा तुम्ही शेजारी उभे होता. तुमची आई मला इतकी वर्षं बोलतेय. मी स्वतः स्वतःला बोलतेय. रोज."

मी माफी मागितली. ऐकलंच नसल्यासारखी ती उठली, कारण तिचं नाव पुकारलं होतं.

ती आत बराच वेळ होती. काय ठरवते आहे ते मला माहीत नव्हतं आणि विचारायचा हक्क मी गमावला होता, हे मात्र नीट कळत होतं. दाराकडे बघत बसलो. बाहेर आली तेव्हा बोटावर कापूस दाबून धरला होता.

"रक्त दिलं," ती म्हणाली. "निगेटिव्ह आहे. जुनी काढली."

"आणि नवीन?"

"नाही बसवली. आणि लगेच पोर हवंय असंही नाही. विचार करते म्हणून सांगितलं त्यांना. निरोध दिलेत. बघू. नको म्हणायचं झालं तर ते माझं असेल. तुम्ही दिलेल्या कारणावर मी नको म्हणणार नाही."

रिक्षात बसल्यावर तिने मोबाइल काढला आणि माझ्या आईला लावला. मला वाटलं, पोरीच्या शाळेचं काहीतरी असेल.

"आई, जेवलात का? हां. हे काहीतरी सांगणार आहेत तुम्हाला." तिने फोन माझ्या हातात दिला.

"काय रे?" आई म्हणाली. "पैसे पायजेत का?"

"नाही आई. ते... पोरीच्या वेळचं. हिला दूध होतं."

"काय?"

"दूध होतं हिला. पुरत होतं. मी खोटं बोललो होतो तुला."

आई म्हणाली, "असं कुनी खोटं बोलतं का? मग तवा म्हनलास कशाला?"

मी फोनवर हात ठेवला. आईला माझ्या आजाराचं काहीच माहीत नव्हतं. गोळ्या बीपीच्या म्हणून सांगितल्या होत्या. बायको माझ्याकडे बघत होती.

"रविवारी निवांत फोन करून सांगतो म्हणू का?" मी विचारलं.

"आत्ता सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा. अर्धं सांगून झालंय एकदा."

डांगे चौकात गाड्यांचे हॉर्न चालू होते. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "भाऊ, जरा बाजूला घे."

"मीटर चालू राहील."

"राहू दे," म्हणालो, आणि खाली उतरून एका बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहून आईला पहिल्यापासून सांगायला लागलो.